पावणं घर बघाय आलं

माझा धंदा सांगितला की लोक आधी हसतात. मी विकायला काढलेली घरं नटवते. मेलबर्नमध्ये चौदा वर्षं हेच करते आहे. घर विकायचं ठरलं की तिथं मालक आम्हाला बोलावतात. आम्ही भिंतीवरचे फोटो उतरवतो, फ्रिजवरची मुलांची चित्रं काढतो, बूट, औषधं, कुत्र्याचं अंथरूण सगळं खोक्यांत भरतो आणि आमच्या गोदामातला पांढरा सोफा, पांढरे टॉवेल, काचेच्या वाडग्यात पिवळीधमक लिंबं आणून मांडतो. शनिवारी अर्धा तास घर उघडं राहतं. त्या वेळी मालकानं घरात थांबायचं नाही. बघायला आलेली माणसं हलक्या पावलानं फिरतात, कुजबुजत बोलतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण इथं राहायला आलो की आपलंही आयुष्य असंच नीटनेटकं होईल.

खोटं कशाला बोलू, मला ती घरं आवडतात. गिऱ्हाईक येण्याआधी पाच मिनिटं मी त्या सोफ्यावर बसते. पडद्यातून ऊन येत असतं, घरात कुणाचीच वस्तू नसते, आणि आपण कुणाची बायको नाही, लेक नाही, असं हलकं हलकं वाटायला लागतं. माझ्याबरोबर काम करणारी जर्मन बाई सांगते की त्यांच्याकडं घर सोडताना माणसं स्वयंपाकघराची कपाटंसुद्धा बेसिनसकट उचकटून नेतात. देश तितक्या तऱ्हा. पण कुठल्याही देशातलं घर नटवायला मी घाबरणार नाही, असा मला भारी माज होता.

गेल्या एप्रिलच्या शेवटी मी कोल्हापूरला गेले, ती आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, घर नटवायला.

घराकडं

पुण्याहून गाडी केली होती. अर्धवट झोपेत सातारा गेलं, कराड गेलं. किणी नाक्यावर ड्रायव्हरनं काच खाली केली, तशी गरम हवा आणि जळक्या पाचटाचा वास एकदम आत आला. दोन्ही बाजूंना उसाची काळी पडलेली रानं, मध्येच एखादा हिरवा पट्टा, आणि त्यावर बगळे. सगळं झोपेतून बघितल्यासारखं.

"ताई, उतरायचं कुठं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"घराजवळच उतरतो की," मी म्हणाले आणि स्वतःच दचकले. आमच्याकडं बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात. चौदा वर्षांत माझ्या तोंडून हे निघालं नव्हतं, आणि नाका ओलांडायच्या आत आपसूक निघालं.

आमचं घर पंचगंगेच्या अंगाला, उतारावर. खाली दोन खोल्या, वर दोन, मध्ये अरुंद जिना. अण्णा पॅटर्न मेकर. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करायचा. तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. उद्यमनगरात चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून एकटे राहतात.

मागच्या मोठ्या पुरात ते वरच्या खोलीत दोन दिवस अडकले होते. फोन बंद. मी मेलबर्नात बातम्यांमधलं ते तपकिरी पाणी पुन्हा पुन्हा बघत होते आणि त्यात आमची गच्ची शोधत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना बोटीनं बाहेर काढलं. फोनवर पहिलं वाक्य काय, तर "काय न्हाय गं नंदे, नवव्या पायरीपतूर आलतं." त्या दिवशी मी ठरवलं की अण्णांना त्या घरात म्हातारपणाचे पावसाळे काढू द्यायचे नाहीत. आता कळंब्याला, उंचावर, आत्याच्या शेजारचा फ्लॅट मिळत होता. पण हे घर विकलं तरच, आणि तेही मे संपायच्या आत, कारण फ्लॅटवाला त्यापुढं थांबायला तयार नव्हता. माझ्या हातात तीन आठवडे होते.

नटवणी

मध्यस्थ म्हणून दिनकरभाऊ होते. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यासमोरची खुर्ची हेच त्यांचं ऑफिस. मी त्यांना माझा बेत सांगितला. ते बशीत चहा ओतून शांतपणे ऐकत होते.

"ताई, घर दावाय काय लागतंय? झाडून घ्या, चहा टाका, झालं."

मी त्यांना मेलबर्नचं सांगितलं. तिथं घराचा लिलाव भर रस्त्यात, घरासमोर उभं राहून करतात, शेजारीपाजारी खुर्च्या टाकून मजा बघतात. दिनकरभाऊंनी बशी खाली ठेवली. "बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करत्यात, त्ये बरं. घराचा लिलाव म्हंजे अब्रूचा पंचनामा. मालक काय जप्तीत गेलाय व्हय?"

मी हसले. मनात म्हटलं, बघाच तुम्ही आता.

अण्णांना तीन दिवस आत्याकडं पाठवलं. मग मी आणि पेंटरनं घर रिकामं करायला घेतलं. कॅलेंडरं, आईचा फोटो, पत्र्याचे डबे, दोरीवरचे टॉवेल, अण्णांची लाकडी मापं, सगळं गच्चीवरच्या खोलीत गेलं. तुळस टाकीमागं गेली. देव मी स्वतः काढले. आईच्या मऊ साडीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवले आणि देव्हाऱ्याच्या जागी हिरव्यागार पानांची कुंडी ठेवली. जिन्याच्या भिंतीवर अण्णांनी सुताराच्या पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक पुराची एक रेघ, शेजारी साल.

"ताई, ह्या रेघा ठेवायच्या न्हवं?" पेंटरनं विचारलं.

"नको. सगळं एकसारखं पांढरं कर."

तिसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. पांढरे पडदे शाहूपुरीतून आणले होते, लिंबं भाजी मंडईतून. माझ्या डोळ्यांवर अजून तिकडचीच झोप होती. दुपार झाली की पापण्या मिटायच्या, पहाटे साडेतीनला टक्क जाग यायची. मी खालच्या खोलीत चटईवर आडवी झाले आणि घराकडं बघत राहिले. पडदा हलत होता. भिंतीवर ऊन सरकत होतं. बाहेरून भंगारवाल्याची हाळी आली आणि विरून गेली. घर इतकं सुंदर दिसत होतं, आणि इतकं अनोळखी, की आपण कुणाच्या घरी आलोय हे मला क्षणभर कळेना.

झोप लागली. स्वप्नात जिन्यावरून पाणी वर चढत होतं, अगदी सावकाश, आवाज न करता. त्यावर पांढरे टॉवेल तरंगत होते. मी वरच्या पायरीवर उभी राहून गिऱ्हाइकांना सांगत होते, बघा, उजेड किती छान येतो. आणि अण्णा कुठंच नव्हते. मी हाका मारत होते, पण या घरात कुणीच राहत नाही असं सगळे मला समजावून सांगत होते. जागी झाले तेव्हा अंग घामानं भिजलं होतं.

संध्याकाळी अण्णा परत आले. सगळीकडं बघितलं. लिंबाच्या वाडग्यापाशी थांबले, एक लिंबू उचलून वास घेतला, परत ठेवलं. मग जिन्यापाशी गेले आणि कोऱ्या भिंतीवर तळहात टेकून उभे राहिले.

"मापं पुसलीस व्हय," एवढंच म्हणाले.

"अण्णा, त्या रेघा बघून कोण घेईल घर?"

"माप लपीवलं की ओतीव काम फुटतंय, नंदे." आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. मला राग आला. तुमच्यासाठीच चाललंय सगळं, असं ओरडावंसं वाटलं. पण मी त्यांना उपीट करून दिलं.

शनिवार

सकाळी अण्णांना म्हटलं, मिसळ खाऊन या, मग रंकाळ्यावर बसा, दुपारशिवाय येऊ नका. कॉफी उकळून घरभर वास करून ठेवला. दहा वाजता दिनकरभाऊंची आरोळी आली, "या पावणं, या! आत या!"

गडमुडशिंगीचं कुटुंब होतं. मेलबर्नात नवरा-बायको दोघं येतात. इथं सात माणसं आली. त्यात घर घेणाऱ्या मुलाचा मामा होता, आणि मामाचा वास्तू कळणारा मित्र होता. मी हसून म्हणाले, "बघा निवांत." कुणी निवांत बघेना. सगळी दारातच अवघडून उभी राहिली. शेवटी त्यांच्यातल्या म्हातारीनं विचारलं, "मालक कुठं हाईत?"

"बाहेर पाठवलंय."

"का?"

म्हातारी स्वयंपाकघरात गेली, कुंडीकडं बघितलं, चारी कोपरे बघितले.

"देव कुठं हाईत?"

"ठेवलेत आत. कपाटात."

"कपाटात?" तिनं सुनेकडं बघितलं. मग आवाज उतरवून मला म्हणाली, "कोन गेलंय का गं घरात एवढ्यात? सुतक हाय का? का काय वंगाळ झालंय, सांग तरी."

मी नाही नाही म्हणत राहिले. मामाचा मित्र तोवर चप्पल घालत होता. पाणीसुद्धा न घेता सगळे निघून गेले.

नंतर मलकापूरचे एक शिक्षक आले. एकटे, शांत माणूस. खिडक्या उघडून बघितल्या, नळ सोडून बघितला. मग जिन्याच्या भिंतीवरून हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली.

"रंग ताजा आहे. पाणी कुठवर आलं होतं?"

धंद्यात तोंडाला वळण पडलेलं असतं. मी म्हणाले, "थोडंफार येतं कधीतरी."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही, वाईट वाटल्यासारखं. "बाई, आख्ख्या कोल्हापूरला माहीत आहे इथं पाणी येतं. मी ते धरूनच आलो होतो. पण तुम्ही सांगत नाही म्हटल्यावर अजून काय काय असेल?"

ते गेले. मी दारात उभी राहिले. संध्याकाळी दिनकरभाऊ आले, उभ्याउभ्याच बोलले. "ताई, गल्लीत बोलाय लागल्यात. घराला कायतरी लागीर हाय म्हनं, म्हणून देव हलीवल्यात. आता पावणं आनू कुठनं मी?"

ते गेल्यावर मी जिन्यावर बसून रडले. तीन आठवड्यांतले दहा दिवस संपले होते. घर विकलं नाही तर जूनमध्ये अण्णा इथंच असणार होते, आणि मी तिकडं फोन कानाला लावून बसणार होते. अण्णा शेजारी येऊन बसले.

"रडू नको. उद्या मटान आनतो," म्हणाले. आमच्याकडं दुःखावर एवढंच औषध आहे.

रविवार

सकाळी उठले तर देव जागेवर होते. अण्णांनी अंघोळ करून पूजा केली होती, आईचा फोटो खिळ्याला लावला होता. कुंडी अंगणात गेली होती आणि तुळस दारात आली होती. अण्णा जिन्यावर बसले होते. हातात टेप, कानामागं पेन्सिल. मोजून, तोंडानं आकडा पुटपुटत, नव्या पांढऱ्या भिंतीवर एकेक रेघ परत मारत होते. सगळी मापं त्यांना तोंडपाठ होती. खाली बसून त्यांना टेपचं दुसरं टोक धरून दिलं.

अकराच्या सुमाराला तांबडा रस्सा उकळत होता, पांढऱ्यासाठी मी नारळाचं दूध काढत होते, वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. आणि दिनकरभाऊ न सांगता पावणं घेऊन आले. कुरुंदवाडचं जोडपं. बसवराज आणि सुवर्णा, चाळिशीच्या आतले. त्यांच्या कपाळावरची विभूती बघितली आणि मी चटकन रश्श्यावर झाकण टाकलं. लिंगायत माणसं घर बघायला आलीत आणि घरात मटण! मेलबर्नात आम्ही मालकाला दोन दिवस आधीपासून कांदासुद्धा परतू देत नाही.

"माफ करा हं," मी पळत बाहेर आले, "आज रविवार म्हणून..."

सुवर्णा हसली. "आमी खात न्हाई. पन तुमचं घर हाय अजून, तुमी खावा की. आमी आलो की चूल नवीनच मांडनार."

अण्णांनी त्यांना पाणी दिलं आणि सरळ जिन्यापाशी नेलं. "आधी हे बघा. ह्यो मागचा पूर, नववी पायरी. ह्यो त्याच्या आधीचा, सातवी. पाऊस बरा झाला तर पाणी अंगणात येऊन माघारी जातंय."

"किती दिवस ऱ्हातंय?" बसवराजनं विचारलं.

"चार दिवस."

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. "आमच्याकडं कृष्णा न् पंचगंगा दोनी," सुवर्णा म्हणाली. "आठ-आठ दिवस हालत न्हाई. चार दिवस म्हंजे बरं हाय की वो."

मग अण्णांनी घर दाखवलं. मी चौदा वर्षांत अशी दाखवणी बघितली नव्हती. खिडकी किती मोठी, उजेड कुठून येतो, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. नदीवरच्या बंधाऱ्याला पाणी किती फूट झालं की सामान हलवायचं, ते सांगितलं. आधी शेगडी आणि मिक्सर, मग देव, मग साखर. मेन स्विच मुद्दाम वर, जिन्याच्या डोक्यावर बसवलाय. शिडी कुणाच्या घरी असते. पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबरच गाळ खराट्यानं ढकलायचा, एकदा वाळला तर कुदळ लावावी लागते. मागच्या दाराची चौकट फुगते, तिला जुलैच्या आधी मेण चोळायचं. पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, खोटं कशाला बोलू. ते बोलत होते आणि बसवराज मान डोलवत ऐकत होता. सुवर्णा मध्येच एखादा प्रश्न विचारायची. मी परातीत नारळाचा चोथा घेऊन दारात उभी होते. या घरात आमची माणसं इतकी वर्षं कशी तगली, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. लाज वाटली मला. मी हे सगळं पांढऱ्या रंगाखाली घालून विकायला निघाले होते.

सुवर्णा शिवणकाम करते. खाली सहा मशिनी मांडायच्या, वर राहायचं, असा तिनं तिथंच बेत केला. "मशिनी काय, चार बायका लागल्या की घटकाभरात वर जात्यात." त्यांची थोरली मुलगी कोल्हापुरात कॉलेजला येणार होती. उंचावरचं घर त्यांच्या आवाक्यात नव्हतं, आणि पाण्याची त्यांना सवय होती. तिनं सोबत आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली. दिनकरभाऊ, अण्णा आणि मी रस्सा ओरपला, त्या दोघांनी चटणी-भाकरी खाल्ली, सगळे एकाच पंगतीला, पानं जरा लांब लांब. किमतीवर दिनकरभाऊंनी थोडा आरडाओरडा केला, तो त्यांचा हक्कच होता. मग अण्णांनी साखरेचा डबा काढला आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली. झालं. घर विकलं गेलं.

त्या संध्याकाळी मी एकटीच रंकाळ्यावर गेले. पाण्यावर उजेड लांबत गेला होता. भेळेच्या गाड्या, घोड्यावरची पोरं, सगळं लांबून कुठूनतरी ऐकू येत होतं. अण्णा सुटले, एवढंच मनात घोळत होतं. इतकं हलकं मला कुठल्याच पांढऱ्या सोफ्यावर वाटलं नव्हतं.

निघताना

कागदपत्रं झाली. अण्णांचं सामान एका टेम्पोत मावलं. आत्यानं कळंब्याच्या दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. अण्णा तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसले आणि "वारं बरं हाय," म्हणाले. माझं काम संपलं होतं.

जायच्या दिवशी किल्ल्या द्यायला मी घरी गेले. सुवर्णा खाली पोतेरं फिरवत होती. मी दारातूनच किल्ल्या पुढं केल्या. गाडी उभी होती, मला रेंगाळायचं नव्हतं.

"अक्का, थांबा की." तिनं हात धुतले, मला आत ओढलं, पाटावर बसवलं. कुंकू लावलं. मग पदर पसरायला सांगितला. मी जीन्स घालून आले होते. तिनं आपल्याच शिवणाच्या पिशवीतून एक ओढणी काढून माझ्या खांद्यावर टाकली, आणि तिच्यात तांदूळ, नारळ आणि हिरवा खण घातला.

"अगं, हे काय? घर तुझं आहे आता."

"लेक घरातनं रिकामी जात न्हाई." तिनं ओढणीची गाठ मारली. "घर आमी इकत घेतलंय. माहेर काय इकत मिळतंय व्हय?"

मी मोठमोठ्यानं रडले. अण्णांना पाण्यातून काढायच्या नादात होते. आपण विकतोय ते आपलं माहेर आहे, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत राहिला.

जुलैत नदी पात्राबाहेर पडली. मी मेलबर्नात होते. अण्णांना फोन लावला. ते बाल्कनीत बसून भजी खात होते. कोरडे, खुशाल, आणि जरासे कंटाळलेले. याच एका फोनसाठी मी सगळा खटाटोप केला होता. निवांत मनानं फोन ठेवला, चहा केला. पण तो कपातच निवला. मग सुवर्णाला फोन लावला.

"पाणी कुठवर आलंय गं?"

"दुसरी पायरी, अक्का. मशिनी वर न्हेल्या."

"साखर?"

"न्हेली."

"पोरी?"

"हितंच हाईत, वर. तुमी जेवलासा का?"

जेवले म्हणाले, खोटंच. घर विकलं की जिवाचा घोर संपेल असं वाटलं होतं. आता पाऊस लागला की मला दोन घरांना फोन करावा लागतो.